इथरनेट ड्रायव्हरमध्ये मल्टिकास्ट: सगळंच आत घ्यायचं की हॅश फिल्टर लिहायचा?

निळीवायर
एसटीएम३२ एफ४०७ मायक्रोकंट्रोलर, बाहेर आरएमआयआयने जोडलेली फाय (केबलच्या बाजूची चिप), वर फ्रीआरटीओएस आणि एलडब्ल्यूआयपी २.१ हा नेटवर्क स्टॅक. युनिकास्ट, एआरपी, डीएचसीपी सगळं नीट चालतं. आता याच बोर्डावर एमडीएनएस, म्हणजे लोकल नेटवर्कवर नावाने शोधणं, हवं आहे (२२४.०.०.२५१, पोर्ट ५३५३) आणि २३९.१.१.१ हा एक डेटा ग्रुप ऐकायचा आहे. पुढे पीटीपीही (घड्याळं जुळवण्याचा प्रोटोकॉल) येणार. क्यूबने (एसटीचं कोड बनवणारं साधन) बनवून दिलेल्या ड्रायव्हरमध्ये मल्टिकास्टचा (ग्रुपमधल्या सगळ्यांसाठी पाठवलेल्या फ्रेमचा) मागमूस नाही. ग्रुप जॉइन करायला गेलं की स्टॅक एरर देतो.

प्रश्न असा: फिल्टर रजिस्टरमधला 'सगळे मल्टिकास्ट आत' हा एक बिट लावून मोकळं व्हावं, की ६४ बिटांचं हॅश टेबल (पत्त्यावरून एक बिट काढायचा, तो लागलेला असेल तरच फ्रेम आत) नीट चालवावं? मला हॅश टेबलच योग्य वाटतं. पण स्टॅकच्या बाजूने काय लागतं आणि कुठे घसरायला होतं, ते जाणकारांनी सांगावं.

झिरोओहम
पीएएम बिट लावा, तोच 'सगळे मल्टिकास्ट आत'. मॅकएफएफआर या फिल्टर रजिस्टरमधला बिट ४. एका ओळीचं काम आहे. ज्या ग्रुपचे आपण सदस्य नाही त्याची फ्रेम आली तर एलडब्ल्यूआयपीचा आयपी थर सदस्यांची यादी बघून ती स्वतःच टाकून देतो. १०० एमबीपीएसच्या चिपवर हॅश टेबल कशाला?

पॅकेटपंत
झिरोओहम, बोर्ड उठवताना पहिल्या दिवशी पीएएम लावायला माझीही हरकत नाही. स्टॅकची बाजू बरोबर आहे की नाही ते त्याने लगेच कळतं. पण तो तसाच शिपिंगमध्ये जाऊ देऊ नये. १०० एमबीपीएसवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला जास्तीत जास्त १,४८,८०९ येतात. १६८ मेगाहर्ट्झला भागा, एका फ्रेमला साधारण ११३० सायकल मिळतात. तेवढ्यात इंटरप्ट, बफर घेणं, टास्क बदलणं आणि मग आयपी थरात जाऊन फ्रेम टाकून देणं. रोज इतकी गर्दी नसते, हे खरं. पण कोणी त्याच नेटवर्कवर मल्टिकास्ट व्हिडिओ सोडला की आरएक्स डिस्क्रिप्टर (येणाऱ्या फ्रेमच्या बफरच्या नोंदी) संपतात, आणि मग तुमची टीसीपीची फ्रेमही त्यांच्याबरोबर बुडते. दोष मल्टिकास्टचा आणि तक्रार येते 'वेब पेज अडकतं' म्हणून. एफ४ वर डीएमएचा हुकलेल्या फ्रेमचा काउंटर (डीएमएएमएफबीओसीआर) वाचा, वाढताना दिसेल. वाचला की तो शून्य होतो, म्हणून बेरीज स्वतः ठेवा.

आता स्टॅकची बाजू, क्रमाने:

एलडब्ल्यूआयपी-आयजीएमपी पर्याय १ करा (आयजीएमपी म्हणजे ग्रुपचं सदस्यत्व कळवणारा प्रोटोकॉल). नेटइफच्या (स्टॅकच्या लेखी नेटवर्क इंटरफेस) फ्लॅगमध्ये ब्रॉडकास्ट आणि ईथएआरपी असतात, त्यांच्या जोडीला आयजीएमपी फ्लॅग लावा. त्यानंतर मॅक फिल्टरचं कॉलबॅक नोंदवा. त्याला नेटइफ, ग्रुपचा आयपी आणि 'जोडा' किंवा 'काढा' अशी कृती मिळते.

महत्त्वाचं म्हणजे हे दोन्ही नेटइफच्या इनिट फंक्शनच्या आत झालं पाहिजे. नेटइफ-अ‍ॅड हे इनिट बोलावतं आणि परतल्यावर लगेच फ्लॅग बघून आयजीएमपी सुरू करतं. त्याच वेळी २२४.०.०.१ हा 'सर्व यंत्रणा' ग्रुप यादीत पहिला बसतो आणि तुमचं कॉलबॅक त्याच्यासाठी पहिल्यांदा येतं. फ्लॅग नंतर लावला तर हा टप्पा हुकतो, आणि पुढचा जॉइन 'पहिला ग्रुप सर्व-यंत्रणाच असायला हवा' या असर्टवर आपटतो. असर्ट बंद असतील तर २२४.०.०.१ फिल्टरमध्ये कधी येतच नाही. त्याचा त्रास बऱ्याच उशिरा दिसतो.

ग्रुपचा पूल मुळात ८ चा असतो. त्यात प्रत्येक इंटरफेसचा २२४.०.०.१ ही मोजला जातो.

अर्धविराम
हॅशची गरज काय? एफ४ मध्ये स्वतःच्या पत्त्याशिवाय तीन जादा मॅक पत्ते आहेत. अचूक जुळणी होते, नको ती फ्रेम एकही येत नाही.

पॅकेटपंत
मोजून बघा. २२४.०.०.१ एक, एमडीएनएस दोन, २३९.१.१.१ तीन. संपले. पीटीपी आलं की जागा नाही, आणि आयपीव्ही६ चालू केलं तर सर्व-नोड ग्रुप आणि प्रत्येक पत्त्याचा सॉलिसिटेड-नोड ग्रुप वेगळा. दोन-तीनच ग्रुप कायमचे असतील तर तीन जागा उत्तम. तेव्हा क्रम सांभाळा: आधी वरचं रजिस्टर (त्यात ३१ वा बिट म्हणजे पत्ता चालू), मग खालचं. मॅकच्या क्लॉकमध्ये पत्ता खालचं रजिस्टर लिहिल्यावर उचलला जातो. उलट लिहिलंत तर नवा खालचा भाग आणि जुना वरचा भाग यांची खिचडी होते.

निळीवायर
म्हणजे हॅशच. आता हॅशचं सूत्र. मॅन्युअलमध्ये 'सीआरसीचे वरचे ६ बिट' एवढंच समजतंय. नेटवर मिळणारे तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

हेक्साजी
जुळणार नाहीत, कारण प्रत्येक मॅकचं सूत्र वेगळं. एमडीएनएसचाच पत्ता घेऊन तिन्ही करून दाखवतो: ०१-००-५ई-००-००-एफबी.

आधी नेहमीचा इथरनेट सीआरसी३२, उजवीकडे सरकणारा (पॉलिनॉमियल ईडीबी८८३२०), सुरुवात सगळे १, शेवटची उलटापालट न करता. सहा बाइट घातल्यावर उत्तर ८४डीसीडीईएफसी.

एसटीएम३२ (सिनॉप्सिसचा मॅक): या उत्तराचे सगळे बिट उलटे करा, म्हणजे ७बी२३२१०३. मग ३२ बिटांचा क्रम आरशासारखा फिरवा आणि वरचे ६ घ्या. सोप्या शब्दांत, खालचे ६ बिट (००००११) उलट्या क्रमाने वाचा: ११००००, म्हणजे ४८. ४८ हा ३१ पेक्षा मोठा, म्हणून वरच्या टेबलात (मॅकएचटीएचआर) बिट १६. रजिस्टरात हेक्स ०००१०००० दिसलं पाहिजे.

एनएक्सपीचा एनेट: तेच ८४डीसीडीईएफसी, पण ना उलटापालट ना आरसा. थेट वरचे ६ बिट: ३३. म्हणजे जीएयूआर रजिस्टरचा बिट १.

केडन्सचा जेम (झिंकमध्ये असतो तो): सीआरसीच नाही. ४८ बिटांच्या पत्त्याचे ६-६ चे आठ गट करून एक्सऑर. उत्तर ५६, वरच्या हॅश रजिस्टरचा बिट २४.

एक पत्ता, तीन मॅक, उत्तरं ४८, ३३ आणि ५६. दुसऱ्या चिपचा तुकडा उचलून डकवला की का चालत नाही ते यात आलं.

एसटीवर कुठे चुकतंय तेही आकड्यावरून ओळखता येतं. एमडीएनएससाठी १५ आला तर बिट उलटे करायचे राहिले (६३ वजा ४८). ३ आला तर आरसा राहिला. आणि मॅन्युअलमधलं उदाहरणही तपासा: पत्ता ए०-०ए-९८-००-००-४५ ला ७ यायला हवा. दोन्ही आकडे युनिट टेस्टमध्ये टाकून ठेवा, बोर्डाशिवाय पीसीवर चालतात.

बिटमोजणी
हेक्साजी, वाखू (वाचनखूण) साठवली. एकच पुस्ती: २२४.०.०.१ साठी एसटीवर ३२ येतो, म्हणजे वरच्या टेबलाचा बिट ०. नुसता बोर्ड उठवून, एकही ग्रुप जॉइन न करता, वरच्या टेबलात हेक्स १ दिसलं तर पॅकेटपंतांनी सांगितलेला सुरुवातीचा टप्पा झालेला आहे. प्रतिसादासाठी वायरशार्क लावायचीही गरज नाही, डीबगरमध्ये रजिस्टर बघा.

कर्नलकाका
हॅश काढणं सोपं, हॅश काढून टाकणं अवघड. जोडताना 'बिट ऑर केला' आणि सोडताना 'बिट पुसला' असं लिहिलेलं फार ठिकाणी दिसतं, ते चूक आहे. एकच बिट दोन ग्रुपचा असू शकतो. एक सोडला की दुसरा बहिरा होतो.

टक्कर दोन पातळ्यांवर होते. पहिली आयपी ते मॅक: आयपीव्ही४ च्या ग्रुपचे फक्त खालचे २३ बिट मॅकमध्ये जातात, त्यामुळे ३२ ग्रुप एकाच मॅकवर येतात. २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ दोन्ही ०१-००-५ई-०१-०१-०१. दुसरी मॅक ते हॅश: उघडच आहे, जागा ६४ च.

लिनक्सचा ड्रायव्हर यात पडतच नाही. कर्नल त्याला प्रत्येक बदलाला पूर्ण यादी देतो आणि ड्रायव्हर टेबल शून्यापासून बांधतो. एलडब्ल्यूआयपी एकेक ग्रुप हातात देतो, म्हणून यादी तुम्हालाच ठेवावी लागते. माझ्या मते ड्रायव्हरमध्ये १६ ओळींचा तक्ता ठेवावा: मॅकचे ६ बाइट आणि १ बाइट मोजणी, एकूण ११२ बाइट. जोडलं की मोजणी वाढवा, काढलं की कमी करा, शून्य झाली की ओळ मोकळी. प्रत्येक बदलानंतर तक्त्यावरून ६४ बिट नव्याने काढा आणि दोन्ही रजिस्टर लिहा. तक्ता भरला तर तेव्हा, आणि तेव्हाच, पीएएम लावा.

झिरोओहम
एवढं कशाला? ६४ काउंटरची अ‍ॅरे, प्रत्येक बिटाला एक. ६४ बाइट. बिट शून्यावरून एकवर गेला तर लिहा, एकवरून शून्यावर आला तर पुसा. मॅक साठवायचीच नाही.

कर्नलकाका
हेही बरोबर चालतं, आणि लहानही आहे. फरक डीबगला पडतो. फील्डमधल्या बोर्डाकडून 'कोणते ग्रुप चालू आहेत' ही यादी हवी असेल तर बिटांवरून मॅक परत मिळत नाही. मी तक्त्याच्या बाजूने, पण तुमची पद्धत चूक म्हणणार नाही.

दोन्हींत एक पाळा: नवे ६४ बिट आधी लोकल चलात तयार करा, मग लिहा. टेबल शून्य करून त्यात एकेक बिट भरत गेलात तर त्या फटीत आलेल्या फ्रेम गळतात.

हेक्साजी
टक्कर तपासायला पत्ते शोधत बसू नका. सीआरसी रेषीय आहे, त्यामुळे एसटीच्या सूत्रात शेवटचा बाइट हेक्स ३२ ने एक्सऑर केला की हॅश तोच येतो, आधीचे पाच बाइट काहीही असोत. म्हणजे २३९.१.१.१ आणि २३९.१.१.५१ एकाच बिटावर. हेक्स १९ नेही तसंच, म्हणून २३९.१.१.२४ पण. एमडीएनएसच्या २५१ चा जोडीदार २०१.

टेस्ट: १ आणि ५१ दोन्ही जॉइन करा, ५१ सोडा, १ वर डेटा पाठवा. यायलाच हवा. मग १ सोडा आणि टेबलातला बिट पुसला गेला का ते बघा. एनेट किंवा जेमवर ही जोडी चालणार नाही, त्यांचं सूत्र वेगळं.

निळीवायर
तक्त्याची पद्धत घेतो. ती १-५१ ची जोडी फारच उपयोगी आहे. पण एक अडलंय: टेबलात बरोबर बिट दिसतो, तरी फ्रेम येत नाही. पीएएम लावला की येते.

पॅकेटपंत
हॅश टेबल भरणं आणि मॅकला ते वापरायला सांगणं ही वेगळी कामं. मॅकएफएफआर मध्ये एचएम (बिट २) लावलाय का? तो नसेल तर मल्टिकास्टला अचूक जुळणीच लागते आणि टेबल नुसतं पडून राहतं. एचपीएफ (बिट १०) पण लावा, म्हणजे अचूक जुळणी किंवा हॅश, काहीही जुळलं तरी फ्रेम आत. पुढे एखादा ग्रुप जादा पत्त्यात ठेवलात तर तो यामुळेच चालेल.

शिवाय एफ४ वर फिल्टर रजिस्टरला लागोपाठ दोनदा लिहू नका. लिहिलेलं मॅकच्या आरएक्स क्लॉकमध्ये पोचायला त्या क्लॉकच्या चार सायकल लागतात. २५ मेगाहर्ट्झवर १६० नॅनोसेकंद, पण लिंक १० एमबीपीएसवर असेल तर क्लॉक २.५ चा, म्हणजे १.६ मायक्रोसेकंद. हॅल (एसटीची तयार ड्रायव्हर लायब्ररी) म्हणूनच परत वाचून थांबतो.

बिटमोजणी
आणि तरीही शंका राहिली तर आरए (बिट ३१) लावून बघा. सगळ्या फ्रेम आत येतात, पण फिल्टरचा निकाल डिस्क्रिप्टरमध्ये लिहिला जातो. आरडीईएस० चा बिट ३० म्हणजे 'पत्ता फिल्टरमध्ये नापास'. हव्या असलेल्या ग्रुपच्या फ्रेमवर तो १ दिसला तर फिल्टर चुकलाय, ० दिसला तर फिल्टर बरोबर आहे आणि गडबड वर स्टॅकमध्ये आहे. अर्ध्या मिनिटात दोन बाजू वेगळ्या होतात. काम झालं की बिट काढा.

निळीवायर
एचएम राहिला होता. आता दोन्ही ग्रुप येतात. पिंग २२४.०.०.१ ला मात्र उत्तर नाही.

बिटमोजणी
एलडब्ल्यूआयपीत मल्टिकास्ट पिंगचा वेगळा पर्याय आहे आणि तो मुळात बंद असतो. फिल्टरचा संबंध नाही.

टिकटिक
पीटीपीचं आत्ताच लक्षात घ्या. यूडीपीवर असेल तर २२४.०.१.१२९, तो नेहमीसारखा जॉइन होतो. पण थेट इथरनेटवर (ईथरटाइप ८८एफ७) चालवणार असाल तर पत्ते ०१-१बी-१९-००-००-०० आणि ०१-८०-सी२-००-००-०ई. यांना आयपी ग्रुपच नाही, त्यामुळे एलडब्ल्यूआयपीचं कॉलबॅक कधीच येणार नाही. म्हणून 'मॅक जोडा / मॅक काढा' ही ड्रायव्हरची आतली फंक्शनं आयपीपासून वेगळी ठेवा. आयजीएमपीचं कॉलबॅक आयपीचा मॅक करून त्यांना बोलावेल, पीटीपी थेट बोलावेल. आयपीव्ही६ चं एमएलडी (तिथलं आयजीएमपी) कॉलबॅकही वेगळं नोंदवावं लागतं. तिथे मॅक म्हणजे ३३-३३ आणि पत्त्याचे शेवटचे ३२ बिट. ते विसरलं तर लक्षण चकवणारं असतं: बोर्डाने आधी कोणाशी बोलणं काढलं तर काही वेळ चालतं, बाहेरून पहिलं पिंग मात्र जात नाही, कारण शेजारी-शोधाची विचारणाच मल्टिकास्टवर येते.

कर्नलकाका
टिकटिक यांनी वेगळी फंक्शनं म्हटलं, तर कुलूपही आलं. आयजीएमपीचं कॉलबॅक एलडब्ल्यूआयपीच्या थ्रेडमध्ये चालतं, पीटीपीचा टास्क वेगळा, लिंक बघणारा टास्क आणखी वेगळा. तिघे एकाच तक्त्याला हात लावणार. म्यूटेक्स घाला. आणि जॉइन-लीव्हची थेट फंक्शनं कुठल्याही टास्कमधून बोलावू नका. कोअर लॉक घ्या किंवा सॉकेटचा सदस्यत्वाचा पर्याय वापरा, तो हे आतून सांभाळतो. एसपीआयवरचा इथरनेट असेल तर अजून एक: लिनक्समध्ये फिल्टरचं फंक्शन स्पिनलॉकखाली येतं, तिथे झोपता येत नाही, म्हणून ईएनसी२८जे६० चा ड्रायव्हर खरं लिहिणं वर्कक्यूवर ढकलतो.

निळीवायर
सगळं बसवलं. एक नवीन लक्षण. एमडीएनएस अखंड चालतं. २३९.१.१.१ चा डेटा चार-सव्वाचार मिनिटांनी थांबतो. बोर्ड रीसेट केला की परत तेवढाच वेळ चालतो. पीसीला थेट केबल लावली तर थांबत नाही. स्विचमधूनच थांबतो.

स्विचवाली
२६० सेकंद मोजून बघा. आयजीएमपीच्या मूळ आकड्यांनी १२५ सेकंदांची विचारणा दोनदा, अधिक १० सेकंद उत्तराची मुदत. तेवढ्या वेळात सदस्याचं उत्तर आलं नाही की स्नूपिंग करणारा (आयजीएमपी ऐकून कोणता ग्रुप कुठल्या पोर्टवर ते ठरवणारा) स्विच तुमचा पोर्ट ग्रुपमधून काढतो. जॉइन करताना गेलेल्या रिपोर्टवर पहिली २६० सेकंद निघतात. एमडीएनएस वाचतं कारण २२४.०.०.० ते २५५ हे स्विच स्नूपिंगमध्ये न धरता सगळ्या पोर्टांवर पाठवतात.

कारणं दोनच. एक, विचारणा येते पण बोर्डाला ऐकू येत नाही: ती २२४.०.०.१ वर येते, फिल्टरमध्ये ते आहे का बघा. दोन, नेटवर्कमध्ये विचारणारा कोणीच नाही: राउटरवर मल्टिकास्ट बंद आणि स्विचवर स्नूपिंग चालू पण क्वेरियर बंद. बोर्डाच्या पोर्टचं मिररिंग करून पकडा. १२५ सेकंदांत आयजीएमपीची एकही विचारणा दिसली नाही तर दुसरं कारण, आणि ते ड्रायव्हरमध्ये दुरुस्त होणारं नाही. स्विचवर क्वेरियर चालू करा.

ग्रुप निवडतानाही सांगते: २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x टाळा. त्यांचा मॅक २२४.०.०.x चाच येतो, आणि मॅक बघून चालणारे स्विच तो ग्रुप सगळीकडे ओततात. २३९.१.१.१ ठीक आहे.

एकाच नेटवर्कवर पुष्कळ बोर्ड असतील तर एलडब्ल्यूआयपीला रँडमचं फंक्शन द्या. नसेल तर रिपोर्टचा उशीर सगळ्या बोर्डांवर सारखाच, मुदतीच्या निम्मा होतो आणि सगळे एकदम बोलतात.

निळीवायर
क्वेरियर बंदच होता. चालू केल्यावर थांबणं गेलं. आता फक्त केबल काढून लावल्यावर दोन्ही ग्रुप जातात, एमडीएनएससुद्धा. हॅश टेबल दोन्ही शून्य दिसतात.

पॅकेटपंत
लिंक परत आल्यावर तुमचा टास्क इथरनेटचं इनिट नव्याने बोलावत असणार. त्यात डीएमएचा सॉफ्टवेअर रीसेट आहे, आणि तो मॅकची सगळी रजिस्टरं मूळ स्थितीत आणतो. हॅश टेबल, एचएम, एचपीएफ, जादा पत्ते, सगळं. स्टॅकला याचा पत्ता नसतो. त्याच्या लेखी ग्रुप जॉइन आहेत, म्हणून कॉलबॅक पुन्हा येत नाही. लिंक-अप कळवल्यावर तो रिपोर्ट मात्र परत पाठवतो, त्यामुळे स्विचवर सगळं बरोबर दिसतं आणि फ्रेम बोर्डाच्या दारातून परत जातात.

कर्नलकाकांचा तक्ता इथेच कामी येतो. 'तक्त्यावरून फिल्टर लिहा' हे एक फंक्शन ठेवा आणि ते दोनच ठिकाणांहून बोलवा: तक्ता बदलल्यावर आणि मॅक रीसेट झाल्यावर, आरएक्स चालू करण्याच्या आधी. एचएम आणि एचपीएफ त्याच फंक्शनमध्ये लावा. रजिस्टरला 'खरी यादी' समजू नका, ती तक्त्याची नक्कल आहे.

अर्धविराम
हाच ड्रायव्हर एसटीएम३२ एच७ वर नेला तर?

हेक्साजी
हॅशचं सूत्र तेच, एमडीएनएसला ४८ च. टेबलांची नावं बदलतात: खालचं मॅकएचटी०आर, वरचं मॅकएचटी१आर. हॅलच्या हॅश फंक्शनला दोन शब्दांची अ‍ॅरे द्यायची असते. पहिला शब्द कुठल्या रजिस्टरात जातो ते सोर्स उघडून बघा, एफ४ वरची सवय गृहीत धरू नका.

आणि नावांचा एक सापळा आहे. एफ४ वर पीएम बिट म्हणजे प्रॉमिस्क्युअस मोड, बिट ०. एच७ च्या फिल्टर रजिस्टरात पीएम म्हणजे सगळे मल्टिकास्ट आत, बिट ४. प्रॉमिस्क्युअसला तिथे पीआर म्हणतात. कोड बघताना नावावर जाऊ नका, बिटाचा क्रमांक वाचा.

निळीवायर
आरएक्स चालू करण्याआधी तक्त्यावरून लिहिणं घातलं. केबल काढून लावली, लिंक १० वर पाडून परत १०० वर आणली, दोन्ही ग्रुप लगेच येतात. १-५१ ची टेस्ट पास. जॉइन न केलेल्या २३९.१.१.२ वर डेटा सोडला तर ड्रायव्हरचा आरएक्स काउंटर जागचा हलत नाही. पीएएमची ओळ काढून टाकली आहे, तक्ता भरला तरच लागेल.

टिकटिक
ती तक्ता भरल्याची वाटही एकदा चालवून बघा. सोळा ग्रुप भरून सतरावा जोडा, मग तो सतरावा सोडा, आणि पीएएम परत उतरतो का ते तपासा. लावणारे सगळे असतात, उतरवणारी ओळ बहुतेक कोडमध्ये नसते. सतराव्याची नोंद ठेवायला जागा नसल्यामुळे त्याच्यासाठी 'बाहेर राहिलेले' असा एक वेगळा काउंटर लागेल, आणि तो शून्य असल्याशिवाय पीएएम उतरवायचा नाही. एलडब्ल्यूआयपीचा ८ चा पूलही त्या टेस्टपुरता वाढवावा लागेल, नाहीतर सतराव्यापर्यंत पोचणारच नाही.